तिरका पाव आणि दोन शब्द

...आणि झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा! लोकांची झोप कशाने उडते? दुष्काळाने, दाढेने, रडणाऱ्या बाळाने... बाळ माझंही आहे हो, आठ महिन्यांचं, पण त्याला गेल्या महिन्यापासून रात्रभर झोपायची अक्कल आलीय. माझी मात्र गेलीय, आणि गेली ती कशाने, तर पावाच्या एका स्लाइसने. हसू नका. शिकलेली बाई आहे मी, गावच्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस बसते, लोक मला विचारून जातात की मुंग्यांवरचं पुस्तक कुठल्या कपाटात, आणि मी छताकडे डोळे लावून 'पाव... तिरका... कोपरा...' असं पुटपुटतेय, शेजारी जॅरड, म्हणजे माझा नवरा, घोरतोय. घोरणारच! त्याने कधी कोणाला काही सांगितलंय का? त्याला काहीही विचारा, 'ममला विचार.' मम म्हणजे मी, पोरांची आई. बाप होण्याचं अख्खं शास्त्र या दोन शब्दांत बसवलंय त्याने. मलाही दोनच शब्द पुरले असते, तुम्हाला सांगते. 'माहीत नाही.' दोन शब्द! पण नाही म्हटलं गेलं.

म्हणजे झालं काय, आमची विनी पहिलीत आहे, सहा वर्षांची, आणि तिच्या वर्गात दर बुधवारी प्रत्येकाने एक 'नवलाची गोष्ट' सांगायची असते. साधी रोजची वस्तू घ्यायची आणि ती आली कुठून ते सांगायचं. आता कल्पना चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही, मिसेस पॅप्पास बाई उत्साही आहेत, पण ज्या मुलीची आई वाचनालयात काम करते त्या मुलीकडून वर्गाच्या अपेक्षा काय असतील याचा विचार केलाय का कोणी? इतर मुलं येऊन सांगतात, 'दूध गाईतून येतं,' बसतात खाली, टाळ्या. विनीला तसं चालत नाही. आम्ही शोधायला लागलो. बुडबुड्यांचं ते प्लास्टिक, फटफट फोडतो ना आपण, ते मुळात भिंतीला चिकटवायचा कागद म्हणून बनवलं होतं, कोणी घेतलंच नाही! खेळायची ती रंगीत माती, ती आधी भिंतीवरची काजळी पुसायला होती! किवी फळ न्यूझीलंडचं नाहीच, चीनमधून आलं, दुसऱ्या नावाने आलं, विकलं जाईना म्हणून बारसं केलं! बुटाचा तो चरचरणारा पट्टा एका माणसाला सुचला, का तर कुत्र्याच्या केसांत काटे अडकले म्हणून! सगळं खरं, सगळं पुस्तकात बघून, पान क्रमांकासकट. मी घरात पान क्रमांक सांगणारी बाई आहे, जॅरडला विचारा.

पण एक अडचण होती. विनी उभी राहून बोलायचीच नाही. चिठ्ठी न्यायची, मिसेस पॅप्पासच्या हातात द्यायची, आणि बुटांकडे बघत उभी राहायची. बाई वाचून दाखवायच्या. पाच बुधवार झाले. पाचही बुधवार मी वाचनालयातून घड्याळ बघत बसायची, आता उभी असेल, आता बुटांकडे बघत असेल... आणि मला वाटायचं की हे माझंच आहे, माझ्याकडूनच गेलंय, मीही त्या वयात बुटांकडेच बघायची, माझ्या शाळेतल्या सगळ्या बुटांचे रंग मला अजून आठवतात.

तर शनिवार होता. हार्डवेअरच्या दुकानासमोर शाळेसाठी पैसे जमवायला सॉसेजचा ठेला, आयांची पाळी, म्हणजे माझी. आमच्याकडे ॲडलेडच्या वर अडीच तासांवर ऊन काय असतं ते सांगायला नको, त्यात समोर तापलेला तवा, डोळ्यांत कांद्याचा धूर, रांगेत अकरा माणसं, त्यातलं प्रत्येक 'कांदा जास्त' म्हणणारं, जॅरड बाळाला घेऊन सावलीत उभा राहून मला 'छान चाललंय गं' म्हणतोय, आणि मी घेतेय स्लाइस, ठेवतेय सॉसेज, कोपऱ्यावर कोपरा दुमडतेय, पुढचा! घे, ठेव, दुमड, पुढचा! आणि माझ्या कोपराशी विनी.

"मम."

"हं."

"पाव तिरकाच का दुमडतात?"

बघा. इथे. नेमकं इथे. दोन शब्द. 'माहीत नाही बाळा.' मागच्याच महिन्यात पालकसभेत मिसेस पॅप्पास म्हणाल्या होत्या, "मुलांना 'माहीत नाही' म्हणायला घाबरू नका, त्यातूनच मुलं शिकतात," आणि सगळ्यांत जोरात मान कोणी हलवली होती? मी! टिपणही घेतलं होतं. पण समोर अकरा माणसं, डोळ्यांत धूर, आणि ती माझ्याकडे अशी बघतेय की जणू मी वाचनालयच आहे, इमारतीसकट... आणि त्याच क्षणाला रस्त्यावरून मेंढ्यांचा ट्रक गेला. तो ट्रक गव्हाचा असता ना, तर आज मी सुखाने झोपले असते.

"पूर्वी ना," मी म्हटलं, आणि मला स्वतःलाच कळेना हे कोण बोलतंय, "पूर्वी लोकर कातरणारी माणसं एका हाताने मेंढी धरायची आणि दुसऱ्या हाताने जेवायची. मेंढीच्या लोकरीने हात तेलकट. म्हणून पाव तिरका दुमडायचा, म्हणजे धरायला कोपरा मिळतो. आणि शेवटी तो धरलेला कोपरा कुत्र्याला टाकायचा. कांदा जास्त? हो, देते!"

कुत्रा! कुत्र्याची काय गरज होती, सांगा मला? मेंढीवर थांबता आलं असतं. पण थापेचं असं आहे, ती जेवणासारखी असते, एकदा पान मांडलं की वाढतच जावं लागतं. आणि गंमत म्हणजे तीन दिवसांनी अंथरुणात पडल्या पडल्या मला कळलं की ही थापसुद्धा माझी नव्हती. खाणकामगारांच्या पेस्टीची, त्या मटण-बटाटा भरून भाजलेल्या पुडीची, गोष्ट नाही का आपल्याकडे सांगतात, हात मातीचे म्हणून जाड कड धरून खायची आणि कड फेकून द्यायची? तीच मी उचलली, खाण काढली, मेंढी घातली. आणि त्या पेस्टीच्या गोष्टीवरही जाणकारांचा वाद आहे! म्हणजे चोरीचा माल, तोही खोटा असण्याची शक्यता.

विनीने सॉसेज खाल्लं. शेवटचा कोपरा नीट बाजूला काढला आणि हार्डवेअरवाल्याच्या कुत्र्याला दिला. मी बघितलं, पण म्हटलं, विसरेल.

विसरेल! बुधवारी शाळेच्या फाटकात मिसेस पॅप्पास धावत आल्या. बाई साठीच्या आहेत, धावत नाहीत. "अगं ब्रायोनी! अगं, आज बोलली ती! उभी राहिली, मान वर, खणखणीत आवाजात! मेंढी कशी धरायची ते करून दाखवलं, डिलनला मेंढी केलं तिने! मुलं टाळ्या थांबवेनात!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "मिसेस पॅप्पास, ती गोष्ट जरा..." "काय सुंदर गोष्ट!" "नाही, म्हणजे ती मी..." "तू वाचून काढलीस, माहितीय गं, विनी म्हणाली, 'ममला सगळं माहीत आहे.' अशी आई पाहिजे बघ!" आता बोला. त्या क्षणी सांगायचं का, की बाई, सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझी मुलगी बोलली ती एका थापेवर? विनी मागून उड्या मारत आली. उड्या! बूट दिसतसुद्धा नव्हते तिचे. मी तिचं दप्तर खांद्याला लावलं. दोन शब्दांच्या जागी आता चार-पाच वाक्यं लागणार होती, आणि तीही रडत.

शुक्रवारी शाळेच्या पत्रकात आलं. चौकटीत. 'तुम्हाला माहीत आहे का?' मेंढीचं चित्र, कुत्र्याचं चित्र, आणि खाली, 'माहिती: विनीच्या मम, आपल्या वाचनालयातल्या.' पत्रक गावात दोनशे घरांत जातं. आमच्या गावात घरं किती? दोनशे दहा.

मग सुरू झालं! बेकरीवालीने पाटी लावली, 'तिरका पाव, लोकर कातरणाऱ्यांच्या पद्धतीने'. तोच पाव! काल होता तोच! मंगळवारी एक बाई वाचनालयात आल्या, म्हणाल्या, "त्या तिरक्या पावावर काही पुस्तक आहे का? नातवाला प्रकल्प आहे." मी शोधलं. काय करणार, नोकरी आहे माझी. अर्धा तास शोधलं, स्वतःच्या थापेला आधार शोधत फिरले कपाटाकपाटांतून, आणि मिळाला एकच आधार, शाळेचं पत्रक. म्हटलं, "हे बघा." म्हणाल्या, "अरे वा, छापून आलंय म्हणजे!"

आणि त्याच दुपारी नेव्ह ट्रेलोर आला. नेव्हने चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या आहेत, अजून चालतो ते कमरेत वाकूनच, जणू पुढ्यात अदृश्य मेंढी आहे. म्हटलं, संपलं, हा माणूस म्हणणार, 'पोरी, मी चाळीस वर्षं त्या शेडमध्ये होतो, मेंढी धरून कोणी जेवतं होय?' एका परीने बरंही वाटलं, की चला, कोणीतरी आपल्याला पकडलं. त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली, म्हणाला, "वाचलं मी."

"मिस्टर ट्रेलोर, ते..."

"अगदी बरोबर आहे."

"...काय?"

"माझे आजोबा असेच खायचे. डावा कोपरा धरायचे. तू डावा लिहिलं नाहीस, तेवढं सुधारून घे. आणि कुत्र्याचं नाव ब्लू."

आता ह्याला काय म्हणाल? मी नीट त्याच्या डोळ्यांत बघितलं हो, थट्टा नव्हती. त्याला आठवत होतं! परवा मी तव्यासमोर उभी राहून जे रचलं ते ह्याला पन्नास वर्षांपूर्वीचं आठवत होतं, डाव्या कोपऱ्यासकट! म्हणाला, "बरं झालं कोणीतरी लिहून ठेवलं पोरी, आमच्याबरोबर गेलं असतं हे सगळं." आणि नाक शिंकरलं. तुम्ही सांगितलं असतं त्याला? मग? मला नावं ठेवू नका.

पण रात्री... पाल्हाळ नको, मुद्द्याचं सांगते, रात्री मला भीती कशाची वाटायची? गावाची नाही. गाव काय, गाव अजून हट्टाने सांगतं की पाव्हलोव्हा, तो फेसाळ अंड्याचा गोड केक, न्यूझीलंडवाल्यांच्या आधी आपण केला. भीती विनीची होती. आज ना उद्या हिला कळणार. कोणीतरी मोठ्या वर्गातलं पोर म्हणणार, 'तुझी मम खोटारडी.' मग ती पुन्हा बुटांकडे बघणार, आणि त्यानंतर मी काहीही सांगितलं, की तवा गरम आहे, रस्त्यावर दोन्हीकडे बघ, अंधारात काही नसतं, तर ती माझ्याकडे बघून मनात म्हणणार, खरं कशावरून? एकदा आईवरचा विश्वास गेला की गेला, तो काय पुस्तक आहे परत यायला? मी जॅरडला उठवलं. म्हटलं, "विनीने माझ्यावर पुन्हा विश्वासच ठेवला नाही तर?" तो म्हणाला, "कशाबद्दल?" म्हटलं, "सगळ्याबद्दल!" तो म्हणाला, "मग मला विचारेल," आणि कूस बदलली. त्याला विचारेल! आणि तो म्हणेल, 'ममला विचार.'

तर आलो आपण परवाच्या शनिवारावर. शाळेची प्रश्नमंजुषेची संध्याकाळ. दरवर्षी असते, शाळेच्या हॉलमध्ये, आठ-आठ जणांची टेबलं, घरून आणलेले चीजचे तुकडे, दही-कांद्याचं डिप, पुढे गाद्यांवर पोरं सिनेमा बघत लोळताहेत, आणि मंचावर माइक घेऊन प्रश्न विचारायला कोण? नेव्ह ट्रेलोर. गेली एकोणीस वर्षं तोच. त्याचा एकच नियम, माइकवरचा माणूस म्हणेल ते बरोबर. पाव्हलोव्हावर प्रश्न विचारायला बंदी आहे, तीन वर्षांपूर्वी एक न्यूझीलंडचं कुटुंब आपलं डिप उचलून निघून गेलं होतं.

आम्ही चांगले खेळलो. बुडबुड्यांचं प्लास्टिक आलं, मला येत होतं. किवी आलं, येत होतं. आमचं टेबल वर, वर, वर, आणि शेवटी आम्ही आणि फुटी क्लबवाले, म्हणजे गावचे फुटबॉलवाले, सारखे गुण! बक्षीस काय? खाटकाने दिलेला मटणाचा ट्रे, हा एवढा, चॉप्स, स्टेक, आणि वर सजवलेली डझनभर सॉसेजेस. हो. सॉसेजेस. नियतीला विनोदबुद्धी असते, पण फार वरच्या दर्जाची नसते.

नेव्ह म्हणाला, "बरोबरी मोडायला एक प्रश्न. प्रत्येक टेबलातून एक जण उभा." आमच्या टेबलाने मला ढकललं. फुटी क्लबातून ब्रेट उभा राहिला, खांदे दाराएवढे, अख्ख्या संध्याकाळात त्याने एकच उत्तर दिलं होतं आणि तेही चुकीचं. नेव्हने पाकीट फाडलं. चष्मा लावला. हसला.

"सॉसेजच्या ठेल्यावर पाव तिरका का दुमडतात?"

हॉल फुटला हो हसून! "अरे, तिलाच विचारताय!" "ब्रेट, बस खाली रे!" जॅरड टेबलावर थापा मारतोय, "चॉप्स! चॉप्स!" आणि पुढे सिनेमा संपलेला, पोरं वळून बघताहेत, आणि त्या पोरांत विनी उभी, मान वर, हात पाठीशी, ओठ आधीच हलताहेत माझ्याबरोबर म्हणायला... लोकर... कातरणारी...

आणि मला दिसलं, की आता जर मी हे माइकवर म्हटलं तर ते कायमचं खरं झालं. ही पोरगी साठीची होईल, नेव्हसारखं नाक शिंकरेल, आणि नातवंडांना सांगेल, माझी मम म्हणायची. माझ्या घशातून काय आलं असेल?

"माहीत नाही," मी म्हटलं.

चीजचा तुकडा पडला तरी ऐकू आला असता, आणि पडलाही, जॅरडच्या हातातला.

"म्हणजे, कोणालाच माहीत नाही," मी म्हटलं, एकदा सुटलं की सुटलंच, "बहुधा सॉसेज लांब आणि स्लाइस चौकोनी, ते तिरकंच मावतं म्हणून असेल. ती मेंढीची गोष्ट मी रचली. मी. तव्यासमोर. मेंढ्यांचा ट्रक गेला म्हणून. कुत्रापण मीच घातला. मला माफ करा!"

नेव्हने घड्याळ बघितलं. "वेळ संपली. ब्रेट?"

ब्रेट म्हणाला, "ते... लोकर कातरणारे? तेलकट हात?"

"बरोबर!"

टाळ्या! शिट्ट्या! ट्रे उचलून ब्रेट निघालासुद्धा! मी म्हटलं, "नेव्ह, अहो, मीच रचली ना ती गोष्ट!" तर तो माइक बाजूला धरून, किती प्रेमाने, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "पोरी, माझ्या आजोबांना तू रचलंस का?" आणि मिसेस पॅप्पास पाण्याचा पेला घेऊन आल्या, "बस गं, बस, सगळ्यांसमोर होतं असं कधी कधी, सगळं डोक्यातून जातं. बाळ रात्री झोपतं ना नीट?" आता बाळ झोपतं हो! बाळच तेवढं झोपतं!

गाडीत बसल्यावर जॅरड म्हणाला, "चॉप्स कमीत कमी सोळा होते." मागे बाळ झोपलेलं, विनी खिडकीशी, अंधारात. मी आरशातून बघतेय, बुटांकडे बघतेय का? दिसेना. म्हटलं, आत्ता. आत्ताच. मी मागे वळले, पट्टा मानेत रुतला, आणि सांगितलं सगळं, की बाळा, ममला माहीत नव्हतं, ममने गोष्ट बनवली, ती खरी नव्हती, ममने तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि तुला राग आला असेल तर चालेल, आणि आता ममवर विश्वास ठेवायचा की नाही ते...

विनीने माझं सगळं ऐकून घेतलं. शांतपणे. मिसेस पॅप्पास वर्गात ऐकतात ना, मान जरा कलती करून, तसं. मग पुढे झुकून माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

"मम, ती गोष्ट खरी आहे," ती म्हणाली. "मिस्टर ट्रेलोरचे आजोबा डावा कोपरा धरायचे. कुत्र्याचं नाव ब्लू होतं. तुला आठवत नाहीये, एवढंच."

मी म्हटलं, "अगं, पण मी..."

"असू दे ना, मम. पुढच्या वेळी माहीत नसेल, तर उगाच काहीतरी बनवून नको सांगूस." आणि खिडकीकडे वळली. "सरळ 'माहीत नाही' म्हणायचं. दोनच तर शब्द आहेत."